शब्दांची चित्रे आणि लखनौची जुनी नियतकालिके

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



मार्च १८५८ मध्ये लखनौ शहर पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८५७ च्या उठावाने आणि त्यानंतरच्या दडपशाहीने अवधची ही राजधानी पार मोडून गेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस मुन्शी नवल किशोर या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणाने तेथे छापखाना काढला. लाहोरच्या ‘कोह-ए-नूर’ छापखान्यात त्यांनी या व्यवसायाचे धडे घेतले होते. उर्दू, फार्सी, अरबी, हिंदी व संस्कृत ग्रंथ छापणारा नवल किशोर प्रेस पुढील काही दशकांत देशातील सर्वांत मोठ्या प्रकाशनसंस्थांपैकी एक ठरला. ‘अवध अखबार’ हे त्याचे पत्र प्रारंभी साप्ताहिक होते. १८७७ मध्ये ते दैनिक झाले. रतननाथ ‘सरशार’ यांची ‘फसाना-ए-आझाद’ ही गाजलेली कथा याच पत्रातून डिसेंबर १८७८ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली.

१८७७ मध्येच मुन्शी सज्जाद हुसेन यांनी लंडनच्या ‘पंच’च्या धर्तीवर ‘अवध पंच’ हे विनोदी साप्ताहिक लखनौत सुरू केले. १९२२ मध्ये नवल किशोर प्रेसने ‘माधुरी’ हे हिंदी मासिक काढले आणि १९२७ मध्ये दुलारेलाल भार्गव यांचे ‘सुधा’ अवतरले. १९३८ मध्ये यशपाल यांचे ‘विप्लव’ आणि ‘नॅशनल हेरल्ड’ हे दैनिक, अशा दोन पत्रांचा जन्म याच शहरात झाला. मराठी वाचकाला लखनौ परके नाही. टिळकांच्या सहभागाने झालेला १९१६ चा लखनौ करार आणि पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये तेथे उभे राहिलेले संगीत महाविद्यालय आपल्या परिचयाचे आहे. त्या शहरातील छापील शब्दाचा हा प्रचंड साठा मात्र आपल्याला फारसा ठाऊक नसतो.

हा साठा वाचायचा कसा, हा आजचा प्रश्न आहे. एक साधा हिशेब करू. दैनिकाचे वर्षाला तीनशे अंक धरले, तरी वीस वर्षांचे सहा हजार अंक होतात. एखाद्या अभ्यासकाने रोज दहा अंक वाचले, तर केवळ एकाच पत्राला सहाशे दिवस लागतील. या अडचणीवर उपाय म्हणून गेल्या काही दशकांत संगणकीय साधने पुढे आली आहेत. ती मजकुरातील शब्द मोजतात आणि त्या मोजणीचे चित्र, आलेख किंवा जाळे काढून दाखवितात. त्यांचा उपयोग काय, मर्यादा कोणत्या, आणि लखनौसारख्या दोन लिप्यांच्या शहराच्या बाबतीत त्यांच्यामुळे इतिहासाचे कोणते नुकसान संभवते, याचा विचार आपण करणार आहोत.

शब्दसूचीपासून शब्दमेघापर्यंत

ग्रंथातील प्रत्येक शब्द कोठे आला याची सूची करण्याची परंपरा जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या शब्दसूची आपल्याकडेही सिद्ध झालेल्या आहेत. हे काम यंत्राकडे सोपविण्याचा पहिला मोठा प्रयत्न इटलीतील जेझुइट पाद्री रोबर्तो बुसा यांनी केला. सेंट थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन लेखनाची शब्दसूची करण्यासाठी १९४९ मध्ये त्यांनी आयबीएम कंपनीचे साहाय्य मिळविले. २००० मध्ये इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती यांनी ‘दूरवाचन’ ही संकल्पना मांडली. थोडी पुस्तके जवळून वाचण्याबरोबरच हजारो पुस्तकांकडे दुरून, संख्यांच्या व आलेखांच्या साहाय्याने पाहावे, असा तिचा आशय होता. डिसेंबर २०१० मध्ये गुगलने लक्षावधी पुस्तकांतील शब्दांचे वर्षवार आलेख दाखविणारे ‘एनग्रॅम व्ह्यूअर’ खुले केले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, रशियन, चिनी व हिब्रू या भाषांचा त्यात समावेश झाला. मराठी, हिंदी किंवा उर्दूचा झाला नाही. ही बाब आपण ध्यानात ठेवावी.

विद्यार्थ्यांना सहज वापरता येईल असे साधन म्हणजे कॅनडातील स्तेफान सिंक्लेअर व जेफ्री रॉकवेल यांनी विकसित केलेले ‘व्हॉयंट टूल्स’. ते विनामूल्य आहे आणि त्यासाठी संगणक-लेखनाचे ज्ञान लागत नाही. मजकूर त्यात भरला की प्रामुख्याने चार गोष्टी हाती येतात. पहिली शब्दमेघ, यात वारंवार येणारा शब्द मोठ्या अक्षरांत दिसतो. दुसरी कालालेख, एखादा शब्द कोणत्या अंकात किती वेळा आला हे त्यावरून कळते. तिसरी संदर्भसूची; तीत शब्दाच्या मागचे-पुढचे चार शब्द ओळीने मांडलेले असतात. चौथी सहवासाचे जाळे. कोणता शब्द कोणाच्या सोबतीने येतो हे त्यात पाहावयास मिळते.

याच्या पुढची पायरी म्हणजे विषयगटांचे प्रतिमान. ब्लाय, एन्ग आणि जॉर्डन या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, एकत्र येण्याची प्रवृत्ती असलेले शब्द संगणक स्वतःच गटागटांत विभागतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील, १८६० ते १८६५ या वर्षांच्या, रिचमंड येथील ‘डेली डिस्पॅच’ या वृत्तपत्राला रिचमंड विद्यापीठातील अभ्यासकांनी ही पद्धत लावली. फरारी गुलामांच्या शोधार्थ दिलेल्या जाहिरातींचा एक स्वतंत्र शब्दगट त्यातून वेगळा झाला आणि युद्धाच्या ओघात त्या जाहिराती केव्हा वाढल्या व केव्हा घटल्या, हे आलेखावर पाहता आले. अंकामागून अंक वाचणाऱ्याला असा चढउतार जाणवला, तरी तो सिद्ध करणे कठीण गेले असते.

मोजणीचा पाया

चित्र आकर्षक असते आणि म्हणूनच ते तपासून घ्यावे लागते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या मासिकाच्या एका वर्षाच्या अंकांत एकूण दोन लाख शब्द आहेत आणि ‘शिक्षण’ हा शब्द त्यांत १०० वेळा आला आहे. वीस वर्षांनंतर मासिकाची पाने वाढली, एकूण शब्द सहा लाख झाले आणि ‘शिक्षण’ १८० वेळा आला. नुसत्या संख्येकडे पाहिले तर या विषयाकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले असे वाटेल. प्रत्यक्षात दर दहा हजार शब्दांमागे प्रमाण पाचावरून तीनवर आले आहे. जनगणनेत केवळ साक्षरांची संख्या न पाहता साक्षरतेचे प्रमाण का पाहतात, हे आपणास ठाऊकच आहे. तोच नियम येथे लागू होतो.

दुसरी बाब गाळावयाच्या शब्दांची. ‘आणि’, ‘आहे’, ‘हा’, ‘तो’ हे शब्द काढून टाकले नाहीत, तर शब्दमेघ त्यांनीच भरून जाईल. तथापि कोणते शब्द गाळावेत हा निर्णय अभ्यासकाचा असतो आणि त्यामुळे चित्र बदलते. ‘आम्ही’ आणि ‘ते’ हे किरकोळ वाटणारे शब्द गाळले, तर एखादे पत्र कोणाला आपले मानत होते आणि कोणाला परके, हे समजण्याचा मार्गच बंद होतो.

तिसरी बाब आपल्या भाषांच्या घडणीची. मराठीत ‘लखनौ’, ‘लखनौला’, ‘लखनौहून’, ‘लखनौच्या’ ही सर्व रूपे एकाच शब्दाची. संगणक मात्र त्यांना चार शब्द समजतो. त्यातच १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वी ‘घरांत’, ‘मुलें’ असे अनुस्वार देण्याची पद्धत होती. जुना आणि नवा मजकूर एकत्र मोजताना ही रूपे जुळवून घेतली नाहीत, तर लेखन-नियमांतील बदल विचारांतील बदल म्हणून पुढे येईल. नामांतराचेही तसेच. जुन्या मराठी पत्रांत ‘काँग्रेस’ एवढाच शब्द शोधणाऱ्याच्या हातून ‘राष्ट्रीय सभा’ हा प्रचलित शब्द निसटेल आणि टिळकांच्या काळातील चर्चेचा मोठा भाग मोजणीबाहेर राहील.

लखनौची विशेष अडचण

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. शब्द मोजण्यापूर्वी छापील पानाचे छायाचित्र घेऊन त्यातील अक्षरे यंत्राकडून ओळखून घ्यावी लागतात. या प्रक्रियेला ओसीआर म्हणतात. देवनागरीत खिळे जुळवून छापलेला मजकूर आजची यंत्रे बऱ्यापैकी वाचतात. टेसरॅक्ट ही मुक्त ओसीआर प्रणाली हिंदी, मराठी व उर्दू या तिन्ही भाषांसाठी उपलब्ध आहे. परंतु लखनौची जुनी उर्दू पत्रे खिळ्यांनी छापलेली नव्हती. कातिब म्हणजे सुलेखनकार नस्तालीक शैलीत मजकूर लिहीत आणि तो दगडावर उतरवून छापला जाई. मुंबईत गणपत कृष्णाजींनी आपल्या मुद्रणाचा आरंभ केला तोही शिळाछापानेच. अर्थात अशा पत्राचे प्रत्येक पान हे एका परीने हस्तलिखितच असते. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे तिरपा उतरत जातो, अक्षरे एकमेकांवर चढतात आणि एका नुक्त्याच्या फरकाने शब्द बदलतो. त्यामुळे यंत्राच्या चुका पुष्कळ होतात.

या चुकांचा परिणाम किती होतो, ते पाहा. शंभर अक्षरांपैकी पंचाण्णव अक्षरे बरोबर ओळखली, तर काम उत्तम झाले असे वाटते. पाच अक्षरांच्या शब्दातील सर्व अक्षरे बरोबर येण्याची शक्यता मात्र सुमारे ७७ टक्केच उरते. म्हणजे चारांपैकी जवळजवळ एक शब्द बिघडतो. शब्द बिघडला की तो मोजणीतून वगळला जातो आणि वगळला गेल्याची नोंद चित्रात कोठेही नसते.

आता कल्पना करा, की एखाद्याने यंत्राला सहज वाचता येईल तेवढाच मजकूर घेऊन ‘लखनौच्या नियतकालिकांचा शतकभराचा इतिहास’ सांगणारा आलेख काढला. त्यात ‘माधुरी’ व ‘सुधा’ ठळकपणे येतील. ‘अवध अखबार’ व ‘अवध पंच’ अंधुक होतील किंवा दिसणारच नाहीत. पाहणाऱ्याचा असा समज होईल, की १९२२ पूर्वी या शहरात फारसे काही लिहिले-वाचले जात नव्हते आणि त्यानंतर ते एकदम बोलू लागले. यंत्राच्या सोयीतून जन्मलेला हा इतिहास असत्य असेल.

हे असत्य निरुपद्रवीही नाही. नवल किशोर हे हिंदू प्रकाशक कुराण आणि हिंदूंचे धर्मग्रंथ, दोन्ही छापत होते. सरशार हे काश्मिरी पंडित आणि त्यांची कीर्ती उर्दू गद्यावर उभी आहे. पुढे त्यांच्याच ‘फसाना-ए-आझाद’चे संक्षिप्त हिंदी रूप प्रेमचंदांनी सिद्ध केले. उर्दूतून लेखनाला आरंभ केलेल्या प्रेमचंदांनी लखनौतच ‘माधुरी’च्या संपादनाची धुरा वाहिली आणि एप्रिल १९३६ मध्ये याच शहरात प्रगतिशील लेखकांच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. त्या शहरात दोन लिप्या एकाच छापखान्यात, एकाच लेखकाच्या हाती आणि अनेकदा एकाच वाचकाच्या घरी नांदत होत्या. ज्या लिपीचे अंकन सोपे ती इतिहासात ठेवावयाची आणि दुसरी बाहेर, असे घडले तर समाजाची एकत्र घडलेली स्मृती आपण आपल्याच हाताने दुभंगतो.

शब्द तोच, अर्थ निराळा

मजकूर पूर्ण शुद्ध स्वरूपात मिळाला तरी एक अडचण उरते. ‘अवध पंच’ हे उपहासाचे पत्र होते. अकबर इलाहाबादी यांच्यासारखे कवी त्यात लिहीत. नवी रीतभात, पाश्चात्त्य शिक्षण, सरकारी पदव्या यांची तेथे यथेच्छ टर उडविली जाई. उपहास करणारा लेखक ‘सुधारणा’ हा शब्द दहा वेळा लिहितो, तेव्हा संगणकाच्या दृष्टीने तो सुधारणेचा दहापट पुरस्कर्ता ठरतो. शिवाय या पत्रातील व्यंगचित्रे हा त्याचा प्राण होता आणि चित्रे शब्दगणनेत येतच नाहीत. म्हणून आलेखात एखादा उंचवटा दिसला, की संदर्भसूची उघडून त्यातील निदान वीस-पंचवीस ओळी स्वतः वाचाव्यात. आलेखाने कोठे पाहावे ते सांगितले. अर्थ लावण्याचे काम वाचकाचेच आहे.

या दृष्टीने दोन ग्रंथांचा उल्लेख उपयुक्त ठरेल. नवल किशोर प्रेसवरील उलरिके स्टार्क यांचा ‘अॅन एम्पायर ऑफ बुक्स’ २००७ मध्ये, तर १९२० ते १९४० या काळातील हिंदी लोकक्षेत्राचा वेध घेणारा फ्रान्चेस्का ओर्सिनी यांचा ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही अभ्यास मूळ अंक, पत्रव्यवहार व दप्तरे यांच्या प्रत्यक्ष वाचनावर उभे आहेत. संगणकीय साधने अशा वाचनाला पूरक ठरतील. त्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

कोणाच्या नजरेतून?

साधनसामग्री निवडतानाही सावध राहावे लागते. १८६७ च्या कायद्याने छापील ग्रंथ व पत्रांची नोंदणी सुरू झाली. देशी वृत्तपत्रांत काय छापून येते याचे इंग्रजी सारांश सरकारचे अनुवादक नियमितपणे तयार करीत. हे अहवाल इंग्रजीत, खिळ्यांनी छापलेले आणि यंत्राला वाचावयास सोपे आहेत. साहजिकच अभ्यासकाला त्यांचा मोह पडतो. परंतु सरकारला जे धोकादायक वा दखलपात्र वाटले तेवढेच त्यांत उतरले आहे. १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि १८८२ मध्ये तो रद्द झाला. या काळातील अहवालांचा शब्दमेघ काढला, तर वाचकांच्या आवडीपेक्षा राज्यकर्त्यांच्या भीतीचे चित्र अधिक स्पष्ट उमटेल. तेही मोलाचे आहे. मात्र त्याला त्याच नावाने ओळखले पाहिजे. १८६७ चा तो कायदा दीर्घकाळ टिकला आणि २०२३ च्या प्रेस व नियतकालिके नोंदणी कायद्याने त्याची जागा घेतली, हे परीक्षेच्या दृष्टीनेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

करावयाचे काम

या पार्श्वभूमीवर काही गोष्टी घडल्या आहेत. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाने नवल किशोर प्रेसच्या ग्रंथांचे संगणकीय अंकन केले आहे. रेख्ता फाउंडेशनने जुन्या उर्दू पुस्तकांचा व नियतकालिकांचा मोठा संग्रह वाचकांना खुला केला आहे. आयआयटी खरगपूरने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. भारतीय भाषांसाठीच्या तंत्रज्ञानाकरिता ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. तथापि पानाचे छायाचित्र उपलब्ध होणे आणि त्यातील शब्द शोधता येणे, या दोन भिन्न पायऱ्या आहेत. पहिली पायरी जेथे गाठली गेली तेथेही दुसरी पुष्कळदा बाकी असते.

त्यासाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, कोणताही अंकित संग्रह प्रसिद्ध करताना त्यातील कोणत्या वर्षांचे अंक नाहीत आणि अक्षर-ओळखीत चुकांचे प्रमाण किती, हे स्पष्ट नोंदवावे. दुसरी, नस्तालीक व शिळाछाप मजकुरासाठी यंत्राला शिकविण्याकरिता माणसांनी शुद्ध केलेली पाने लागतात. महाविद्यालयांतील उर्दू, हिंदी व मराठीच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. तिसरी, संपूर्ण मजकुराची वाट न पाहता अनुक्रमणिकांपासून आरंभ करावा. अंक, महिना, लेखक, लेखाचे शीर्षक व प्रकार एवढी माहिती तक्त्यात भरली, तरी कथा केव्हा वाढल्या, स्त्री-लेखिका केव्हा दिसू लागल्या, अनुवाद कोणत्या भाषांतून आले, याचे आलेख काढता येतात. शंकर गणेश दाते यांनी संगणकाशिवाय १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, हा आदर्श आपल्यापुढे आहे.

कायद्याची बाजूही पाहावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. प्रेमचंद १९३६ मध्ये निवर्तले; त्यांचे लेखन तेव्हाच्या नियमानुसार १९८७ च्या आरंभीच मुक्त झाले. १९६१ मध्ये निधन पावलेल्या निराला यांचे लेखन २०२२ पासून सर्वांसाठी खुले आहे. एकाच अंकातील दोन लेखांची स्थिती अशी वेगळी असू शकते.

आपल्यासाठी बोध

परीक्षेत आपल्यापुढे आलेख येतो, तक्ता येतो, निबंधाचा विषय येतो. प्रत्येक वेळी चार प्रश्न विचारावेत. मोजले काय? कशाच्या प्रमाणात मोजले? कोणते मोजावयाचे राहिले? आणि मोजणाऱ्याला ते सोपे होते म्हणून तर मोजले नाही ना? प्रशासनात गेल्यावर हेच प्रश्न आपल्याला उपयोगी पडतील. ज्या वस्तीची नोंद नाही तिची गरज आकडेवारीत दिसत नाही, आणि ज्या लिपीचे अंकन नाही तिचा विचार आलेखात उमटत नाही.

सरावासाठी एक छोटा प्रकल्प सुचवितो. १९१६ चे वर्ष घ्या. लखनौ कराराविषयी मिळेल तेवढा मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी मजकूर गोळा करा. ‘स्वराज्य’, ‘एकता’, ‘प्रतिनिधित्व’ या अर्थाचे शब्द प्रत्येक भाषेत कोणते वापरले गेले याची आधी यादी करा, मग मोजा आणि शेवटी प्रत्येक शब्दाचे दहा संदर्भ स्वतः वाचा. उर्दू वाचता येत नसेल तर ते वाचणाऱ्या मित्राला सोबत घ्या. त्याच्या मदतीवाचून काढलेल्या आलेखाखाली ‘उर्दू मजकूर समाविष्ट नाही’ अशी एक ओळ अवश्य लिहा. ती ओळ लिहिण्याची सवय जडली, तर या व्याख्यानाचा हेतू साध्य झाला असे मी मानीन.